सावळीरामची बारा तोंडं

"सांगतो, पण तुम्हाला पटायचं नाय. अजून कोणालाच पटलेलं नाय. पटलं असतं तर मी एव्हाना पेपरात आलो असतो, फोटोसकट."

सावळीरामने अशी सुरुवात केली की समोरच्याने समजून घ्यावं, आता उठता येणार नाही. नाशकात शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला ठिबकच्या नळ्या, मधे फवारणीची यंत्रं आणि पार कोपऱ्यात, सगळ्यात लहान गाळ्यात समर्थ. गाळ्यात एक टेबल, टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा हिरवा डबा आणि मागे फलक: 'बागेचा राखणदार. बारा डबे, एक आवाज.' सकाळपासून लोक येत होते, डबा कानाशी धरून हलवून बघत होते, आत काय आहे म्हणून विचारत होते. समर्थने थ्रेड, बफर असं काही सांगायला सुरुवात केली की मान डोलवत शेजारच्या गाळ्यात फुकटचा उसाचा रस प्यायला जात होते. दुपारपर्यंत एकानेही नाव नोंदवलं नाही. शेवटी समर्थने सोबत आणलेल्या सावळीरामला खुर्चीवर पुढे बसवलं आणि म्हणाला, "तात्या, आता तुम्हीच सांगा. तुमच्या पद्धतीने."

सावळीरामची पद्धत म्हणजे मूठभर दाण्यांतून पोतंभर पीक. पण पोरगं अडलेलं होतं, दुसरं काय सुचणार! पाच मिनिटांत गाळ्यापुढे वीस माणसं जमली. सगळ्यांत पुढे निफाडकडच्या कुसाबाई. त्यांची स्वतःची अडीच एकर द्राक्षबाग. मांडीवर पिशवी घेऊन त्या बसल्या आणि शेवटपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या त्या एकदाच. ते पुढे येईल.

तर हकिकत अशी, आणि मापं सगळी सावळीरामची.

दिंडोरी रोडला रावजीनानांची सहा एकर बाग. तिथे सावळीराम तीस वर्षं राखण्या. जानेवारीत घडांत पाणी उतरलं, मणी गोड व्हायला लागले की साळुंक्या, बुलबुल, भोरड्या यांच्या टोळ्या येतात. पाखराने एका मण्याला चोच मारली की दोन दिवसांत अख्खा घड सडतो, आणि परदेशी माल पाठवणारे तसला घड हातातही धरत नाहीत. म्हणून राखण. कोणी गोफण वापरतं, कोणी पत्र्याचा डबा बडवतं. सावळीराम फक्त आरोळी मारायचा. आता ती आरोळी केवढी, तर एकदा त्याने ती ठोकली तेव्हा रस्त्यावरच्या एसटीने करकचून ब्रेक लावला. कंडक्टरला वाटलं, मागे कोणीतरी प्रवासी राहिला. सकाळी मारलेली आरोळी रामशेजच्या डोंगरावर आपटून दुपारी जेवायच्या वेळेला परत यायची, त्यामुळे दुपारची राखण त्याला कधी करावीच लागली नाही.

समर्थ हा नानांचा मुलगा. पुण्याला एका कंपनीत होता. गाणं रेकॉर्ड करताना तबला एकीकडे आणि पेटी दुसरीकडे पळू नये, म्हणून जे सॉफ्टवेअर लागतं ते बनवायचं त्याचं काम. चार वर्षं केलं आणि एक दिवस बॅग घेऊन घरी आला. म्हणाला, आता बागेसाठी यंत्र बनवतो. बारा खांब, बारा डबे. प्रत्येक डब्यात एक कान आणि एक तोंड. पाखरू बोललं की डब्याने ऐकायचं आणि सावळीरामच्या आवाजात ओरडायचं.

नाना जुने माणूस. ते म्हणाले, "एक हंगाम देतो. जमलं तर पुढच्या वर्षी राखण्याची गरज नाय. नाय जमलं तर तू परत पुण्याला. मधलं काही नाय."

म्हणजे बघा कसा पेच झाला. यंत्र चाललं तर सावळीराम जाणार, नाही चाललं तर समर्थ जाणार. सावळीरामची बायको रंगूबाई तर त्याच दिवशी म्हणाली, "स्वतःचा आवाज काढून द्या डब्यात, आणि बसा घरी तोंड मिटून."

शहाण्या माणसाने यंत्राच्या वायरी कुरतडायला उंदीर पाळले असते. पण सावळीरामची गोची वेगळीच होती. पुण्याला असताना हे पोरगं दिवाळीचे दोन दिवस यायचं, आणि आलं तरी कानात बोंडं घालून बसायचं. डब्यांचं काम सुरू झाल्यापासून मात्र रोज सकाळी वही घेऊन बांधावर हजर. तात्या, भोरड्या कुठून शिरतात? तात्या, बुलबुल आधी की साळुंकी आधी? सावळीरामला तीस वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. विचारलं की तो बर्फासारखा विरघळायचा आणि रोज विरघळत होता.

आरोळी रेकॉर्ड करायला पहिला माइक जवळ ठेवला. तो फुटला. दुसरा शेजारच्या वावरात ठेवला, त्याचा काटा जो उजवीकडे जाऊन चिकटला तो अजून तिथेच आहे. तिसरा गावाबाहेर नेऊन ठेवला तेव्हा कुठे बेताचा आवाज मिळाला.

(इथे समर्थ डबा पुसता पुसता खाली बघून हसला. माइक एकच होता आणि तो अजून चालू आहे.)

मग समर्थने सावळीरामला आतली गोष्ट समजावली. म्हणाला, तात्या, एका प्रोग्रॅममध्ये पुष्कळ गडी कामाला असतात, त्यांना थ्रेड म्हणायचं. एक गडी पाखरं ऐकतो, दुसरा ती कोणत्या ओळीत शिरलीत ते बघतो, तिसरा तुमची आरोळी काढून तोंडाला देतो. सगळे एकाच वेळी राबतात, कोणी कोणासाठी थांबत नाही.

"मुकादम कोण?" सावळीरामने विचारलं.

"तात्या, अडचण तीच आहे," समर्थ म्हणाला.

पहिल्या दिवशी बारा डबे चालू केले. पहिल्या डब्याची आरोळी संपली तरी बाराव्याची सुरूच झाली नव्हती. शाळेत पाढे म्हणताना मागच्या बाकावरची पोरं जशी उशिराने शेपूट ओढतात, तसा प्रकार. पाखरं तारेवर बसून ऐकत होती. एक साळुंकी तर ठेक्यावर मान हलवत होती, हे सावळीरामने स्वतः पाहिलं.

समर्थ दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने असा मेळ घातला की बाराही तोंडं पापणी लवायच्या आत एकदम उघडली. सहा एकरांतली पाखरं चादर झटकावी तशी वर उडाली. गावावर सावली पडली. गच्चीवर वाळवण घातलेल्या बायकांनी कुरडया गोळा केल्या. पण चारी बाजूंनी एकदम ओरडल्यावर पाखरांनी जायचं कुठे? ती तिथेच वर घिरट्या घालत राहिली आणि आवाज थांबल्यावर सरळ खाली बागेत उतरली, आता तर भूकही जास्त लागलेली.

तेव्हा सावळीरामने पोराला आपली तीस वर्षांची विद्या दिली. पाखरू घाबरवायचं नसतं, पाखरू चालवत न्यायचं असतं. पहिल्या ओळीतून उठवायचं, दुसरीत टेकू द्यायचं नाही, तिसरीत पाठीशी लागायचं, असं करत करत बागेबाहेर पोचवून यायचं, जसं पाहुण्याला एसटीत बसवून येतो. म्हणून डब्यांनी एकदम नाही, पाळीने ओरडायचं. एकाचं झालं की शेजारच्याने.

"पाळीने," समर्थने वहीत लिहून घेतलं. सावळीरामच्या तोंडचा शब्द वहीत चढल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

पाळी बसवताना घोळ झाला तो असा. ऐकणारा गडी ऐकलेलं एका पाटीत टाकायचा, आणि ओरडणारा गडी आरोळी भरून घ्यायला नेमकी तीच पाटी उचलायचा. एक टाकतोय तेव्हाच दुसरा उचलतोय. दोघांत बोलणं नाही. मग पाटीत कधी आरोळी, कधी पाखराची चिवचिव, तर कधी जवळपास जे कोणी बोललं असेल ते.

आता रावजीनानांनी त्याच साली वणीच्या गडावर जाऊन देवीसमोर तंबाखू सोडली होती. म्हणजे घरात, बायको प्रतिभाच्या समोर, सोडली होती. बागेत ते चौथ्या खांबाशी यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि सावळीरामपुढे हात करायचे. त्या दिवशीही आले आणि हळूच म्हणाले, "सावळीराम, चिमूटभर दे रे. सकाळपासून पोट साफ नाय. प्रतिभाला कळता कामा नये."

सावळीरामने डबी काढेपर्यंत पाचव्या खांबाने तोंड उघडलं. आधी सावळीरामची आरोळी, तिला जोडून नानांचा आवाज, आणि तोही आरोळीच्या ताकदीने: होऽऽऽ चिमूटभर दे रे! मग सहावा: हाऽऽऽ पोट साफ नाय! मग सातवा, आठवा, नववा. पाळी अशी सुरेख बसली होती की एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दावर पडत नव्हता. शेवटी बाराव्या खांबाने गावाकडे तोंड करून सांगितलं की प्रतिभाला कळता कामा नये. पाखरं तर गेलीच. हंगामातला सगळ्यात चांगला निकाल त्या दिवशी लागला. तीन दिवस एक पाखरू फिरकलं नाही. त्यांनाही ऐकवलं नसेल.

प्रतिभावहिनी घरातून चालत बांधापर्यंत आल्या. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. सगळे डबे ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "अहो, पोट साफ व्हायला पायऱ्या चढाव्या लागतात म्हणे." पुढच्या मंगळवारी नाना अनवाणी गड चढले, आणि सोबत साक्षीदार म्हणून वहिनी.

गडावरून नाना उतरले ते पोराला पुण्याला धाडायचं ठरवूनच. काढणीला आठ दिवस राहिले होते. त्यांनी समर्थच्या जुन्या साहेबाला परस्पर फोन केला होता. साहेब म्हणाले, पाठवा, आठ दिवस काम करू दे, जमलं तर पुन्हा कायम करतो. नानांनी पोराला समोर बसवलं. "जाऊन तर ये. तू येशील तेव्हा बाग शाबूत दिसली, तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाय. त्याआधी चोचीचे घड दिसले, तर तिकडेच राहा, तुझे कपडे पाठवून देतो."

जायच्या आदल्या संध्याकाळी समर्थने पाटीचा घोळ मिटवला. त्यासाठी त्याने किल्ल्या काढल्या. खऱ्या नव्हेत, प्रोग्रॅममधल्या. प्रत्येक डब्याला एक किल्ली. ओरडायचं तर डब्याकडे स्वतःची किल्ली हवी आणि उजव्या शेजाऱ्याची पण हवी. दोन्ही हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बाराव्याचा शेजारी पहिला. म्हणजे शेजारशेजारचे दोघे एकदम बोलणार नाहीत, आणि पाटीत कोणी मधेच हात घालणार नाही. संध्याकाळी दोन डबे चालवून बघितले, उत्तम चालले. बाकीचे बघायला वेळ नव्हता.

"तात्या, तुमच्या भरवशावर ठेवून चाललोय," समर्थ म्हणाला. सावळीरामला किल्ल्यांचं ऐकून कुठेतरी खटकलं होतं, पण काय खटकलं ते शब्दांत सापडेना. आणि तेवढ्यात पोरगं वाकून पाया पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोरड्या आल्या. सावळीराम खाटेवर पाय पसरून बसला, आता यंत्राची मजा बघू म्हणून. पहिला डबा गप्प. दुसरा गप्प. बाराच्या बारा गप्प. डब्यांवरचे दिवे लागलेले, कान जागे, पण तोंड कोणी उघडेना.

तेव्हा सावळीरामला एकदम आठवलं, काय खटकलं होतं ते.

त्याच्या गावात पुंजा आणि बुधा असे दोन भाऊ. विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. एका उन्हाळ्यात दोघांचं वाजलं. पुंजाने मोटारीच्या पेटीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. बुधाने पाइपावरच्या कॉकची मूठ काढून घरी नेली. किल्लीशिवाय मोटार चालेना, मुठीशिवाय पाणी सुटेना. पुंजा म्हणे, आधी मूठ दे. बुधा म्हणे, आधी किल्ली दे. दोघेही आपापल्या बांधावर बसून राहिले, अगदी सभ्यपणे, आवाजसुद्धा न चढवता. विहिरीत परसभर, म्हणजे डोक्यावरून जाईल एवढं, पाणी आणि वर दोघांचे कांदे वाळून चालले. पंधराव्या दिवशी त्यांची म्हातारी, वत्सलाबाई, उठली. तिने दोघांच्या घरात शिरून किल्ली आणि मूठ दोन्ही काढल्या आणि स्वतःच्या कमरेला खोचल्या. म्हणाली, "ज्याची पाळी, त्याने माझ्याकडं यायचं. न्यायच्या तर दोन्ही न्यायच्या, नायतर एक पण नाय."

डब्यांचं तेच झालं होतं. प्रत्येकाने सकाळी उठून आधी स्वतःची किल्ली मुठीत धरली आणि शेजाऱ्याच्या किल्लीची वाट बघत बसला. शेजाऱ्यानेही तेच केलेलं. बारा पुंजा, बारा बुधा, आणि वत्सलाबाई कोणी नाही.

सावळीरामने खिशातून फोन काढला. समर्थचं नाव समोर आलं. मग त्याला दिसलं, पोरगं साहेबासमोर उभं आहे, फोन वाजतोय, घरचं यंत्र बंद पडल्याचं चारचौघांत ऐकतंय. आणि हे नानांच्या कानावर जायला किती वेळ? कपडे तर वहिनींनी घडी घालूनच ठेवले होते. वर भोरड्यांचा ढग बागेकडे कलत होता. त्याने फोन खिशात परत टाकला.

इथे सावळीराम थांबला आणि पाणी प्यायला. गाळ्यापुढची माणसं आता चाळीस झाली होती. रसाच्या गाळ्यावरचा माणूससुद्धा गिऱ्हाईक सोडून येऊन उभा होता. कोणीतरी विचारलं, मग पुढं?

पुढं काय? सावळीराम डब्यांकडे गेला. तार नाही, बटण नाही, हातात काही नाही. पहिल्या खांबापाशी उभा राहून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आजपासून तुमची वत्सलाबाई मी. किल्ल्या सगळ्या माझ्याकडे द्या. सातव्या डब्याने जरा कुरकुर केली. त्याला सावळीरामने पुंजाच्या कांद्यांची गोष्ट सांगितली, तशी तो वरमला. नववा मूळचाच समजूतदार. अर्ध्या तासात बारा किल्ल्या सावळीरामच्या कमरेला.

मग जी राखण झाली ती अख्ख्या तालुक्यात झाली नसेल. पहिला डबा ओरडायचा, पाखरं उठायची. दुसरा पाठीशी लागायचा, तिसरा त्यांना वळवायचा. बाराव्यापाशी पोचेपर्यंत पाखरं रांगेत उडायला शिकली होती. काही म्हातारी पाखरं तर बांधावर थांबून मागच्यांना पुढे जाऊ देत होती. डब्यांची अक्कल दिवसेंदिवस वाढत गेली. पाचवा बुलबुलाला वेगळं ओरडायचा, भोरडीला वेगळं. अकराव्याने बांधावर टेम्पो उलटा घालणाऱ्या ड्रायव्हरला हटकलं. शेजारच्या बागेतली पाखरंसुद्धा इकडच्या आवाजाने उठून थेट सिन्नरला जाऊन उतरली, तिकडून तक्रार आली. आणि सावळीराम? तो आठ दिवस खाटेवर. रंगूबाईने भाकरी आणावी, त्याने खावी, कुशी बदलावी. तोंडातून शब्द काढायचं काम नाही.

आठव्या दिवशी समर्थ आला आणि बॅग न ठेवताच बागेत शिरला. नाना चष्मा लावून मागोमाग. दोघांनी ओळ न् ओळ बघितली. सहा एकरांत चोच लागलेला मणी एक नाही. नानांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. मग सावळीरामकडे बघून म्हणाले, "यंत्र लय भारी निघालं रे." आणि पुण्याचं नाव त्या दिवसापासून घरात निघालं नाही.

"हे असं हाय," सावळीराम म्हणाला. त्याने मागे रेलून टेबलावरच्या डब्यावर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "पाखरू फसत नाय हो कशाला, पण ह्याला फसलं. का, तर हा माणसासारखा ओरडतो. एकसारखा नाय. दर पाच आरोळ्या झाल्या की थोडं थांबायचा, दम खायचा. दुपारच्याला जरा बसका लागायचा. सहाव्या दिवशी तर मधेच खोकायचा पण, मग पुन्हा सुरू. एका खांबावरून दुसऱ्यावर जायला म्हणाल तर माणसाला चालायला लागतो तेवढाच वेळ घ्यायचा. इतका हुबेहूब!"

लोक खूश झाले. दोघा-तिघांनी खिशातून पेन काढले. एकाने बारा डब्यांना किती एकर होतं म्हणून विचारलं आणि समर्थ उत्साहाने नोंदवही पुढे करून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गाळ्यापुढे रांग लागत होती.

तेव्हा कुसाबाई पिशवी काखेत मारून उठल्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "डबा खोकला?"

"खोकला ना," सावळीराम म्हणाला. "अगदी..."

"डब्याला दम लागला, डब्याचा घसा बसला, आन् डबा बांधाबांधाने चालत गेला."

सावळीरामने डब्यावरचा हात काढून घेतला. समर्थने नोंदवही मिटली. तो तात्याकडे बघायला लागला, आणि तात्या ट्रॅक्टरच्या गाळ्याकडे.

"आठ दिवस डबे मुकेच होते ना? पहिल्या खांबापासून बाराव्यापर्यंत तुम्हीच पळत होते, तुम्हीच वरडत होते." कुसाबाईंनी समर्थच्या हातातून पेन घेऊन सावळीरामला दिलं आणि लिहायला स्वतःचा तळहात त्याच्यापुढे धरला. "डबे ऱ्हाऊ द्या बाबा. आमची बाग पंधरा दिवसांनी निघायची हाय. तुमचा नंबर द्या."